मास्तरांच्या गाडीचा थर्मोस्टॅट

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, फक्त बायकोला तेवढी नाही. प्रयत्न झाले होते, पण दरवेळी घरी परतेपर्यंत दोघांचा अबोला ठरलेला. पुढे मास्तरांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. तेव्हा बाई दुसऱ्याच कुणाकडे जाऊन या वयात गाडी शिकल्या. मास्तरांच्या तोंडी आता एकच शब्द उरला होता, "नको." चहा घेता का विचारलं तरी नको, आणि कप पुढ्यात ठेवला की पिऊन मोकळे.

व्यायामाचं केंद्र टेकडीवर होतं. जायला मास्तरांची शिकवणीची जुनी गाडी होतीच. तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि मास्तर सवयीने तिथेच बसत.

एकदा चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्यात गेला. मास्तर "नको, नको" करू लागले आणि डाव्या पायाने त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. बाईंना वाटलं, व्यायामाचा कंटाळा. उशीर झाला असता तर पाळी दुसऱ्याला गेली असती. त्यांनी मास्तरांना दटावलं आणि गाडी तशीच रेटत वर नेली. एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीकडून त्या ब्रेकची जोडणी सोडवून घेतली, पायाखालचं पेडल तेवढं राहिलं. मिस्त्री मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्या जिवावर आलं, पण वहिनींपुढे बोलणार कोण?

तेव्हापासून चढ आला की गाडी तापायची. मिस्त्रीने रेडिएटर धुतला, पाइप बदलले, मग थर्मोस्टॅटवर बोट ठेवलं. इंजिनातलं पाणी पुरेसं तापलं की हा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो, तो अडकला असेल, असं त्याचं म्हणणं. दुकानात दोन प्रकारचे मिळाले. एक गाडीला मूळचा होता तसा, दुसरा त्याहून कमी तापमानाला उघडणारा. बाईंचा हात सरळ दुसऱ्याकडे गेला. मिस्त्रीने समजावलं, की लवकर उघडला म्हणून इंजिन जास्त थंड राहत नाही. एकदा उघडल्यावर पुढचं सगळं काम रेडिएटरचं आणि पंख्याचं. बाईंनी दोन्ही घरी आणून मास्तरांपुढे धरले. दोन्हींना नकोच. शेवटी मूळचाच ठरला.

बसवण्याआधी बाईंनी जुना आणि नवा, दोन्ही थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवले आणि मास्तरांची खुर्ची ओट्याजवळ ओढली. पाणी उकळायला आलं तरी जुना तोंड मिटून बसला. नवा मात्र हळूहळू उघडला. मास्तर पुढे वाकून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांनी असं कशात लक्ष घातलं होतं.

नवा बसवून दोघं निघाले, तेव्हा सपाटीवर काटा मधोमध राहिला. चढ लागला, तसा तो सरकू लागला. मास्तरांचा डावा पाय उचलला गेला आणि त्यांनी समोरचा ब्रेक दाबला. तो पोकळ, पार तळाला गेला. त्यांनी पुन्हा दाबला, मग पुन्हा. बाईंनी ते पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. बॉनेटखालून वाफेचे लोट येत होते.

मिस्त्रीने गाडी ओढून नेली. थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून त्याने इंजिन चालू केलं, तर पाण्यात सारखे बुडबुडे येत होते.

"इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला चीर गेलीय, वहिनी," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट बिघडला होता, पण त्याने एवढं होत नाही. तापलेली गाडी कधीतरी चढावर फार रेटली गेलीय."

"तो ब्रेक सोडवला, त्याच्या आदल्या दिवशी," बाई म्हणाल्या.

मिस्त्री हात पुसत राहिला. असं हेड आता बनत नव्हतं. त्याने भंगारवाल्यांकडेही चौकशी केली. मिळालं तेही तडकलेलं.

घरी येऊन बाई मास्तरांसमोर बसल्या.

"अहो, त्या दिवशी तुम्ही गाडी थांबवायला सांगत होतात ना?"

"नको," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

टेकडीवर बस जायची, पण तिच्या पायऱ्या उंच. शेजारच्यांनी धरून चढवायचा प्रयत्न केला, तर मास्तरांचा पाय दारातच अडकला आणि सगळी बस खोळंबली. नंतर बाईंनी तो विचार सोडला. केंद्रातली पाळी दुसऱ्या कुणाला गेली. पाहून पाहून जे लक्षात राहिले होते, ते व्यायाम बाई घरीच करून घेऊ लागल्या. पण किती ओढायचं आणि कुठे थांबायचं ते त्यांना कळत नसे. दुखलं की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाई हात सोडून द्यायच्या. उजवा हात कोपरात आखडत गेला. पुढे पुढे तर सदरा चढवतानाही तो सरळ होईना. मग बाईंनी मास्तरांच्या सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या बाह्या उसवल्या आणि तिथे बंद शिवले.