कपाळाचा जोगवा

"गुडघे माझे आहेत, संबळाचं स्टँड नव्हे," सुनीती खिडकीला सांगितल्यासारखी पुटपुटली. स्वारगेटहून सुटलेल्या कात्रजच्या बसला गर्दी इतकी, की पुढच्या बाकावरच्या तिच्या आत्याला, मंदाकिनीताईंना, ते अगदी मानेपाशी ऐकू आलं.

"मग मांडीवर घे."

"मांडीवरच आहे, आत्या. दीनानाथकाका हे धूड कसे न्यायचे कोण जाणे."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. शेजारची हेमा लगबगीने बाहेर बघू लागली. बाहेर पद्मावतीचा थांबा होता, पण तिने तो जन्मात पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहिला. मंदाकिनीताईंनी पिशवीत उगाच काहीतरी शोधलं.

"आडवा न्यायचे," मागून प्रेमला म्हणाली. "उभा धरला की शेजारच्याला लागतो."

दीनानाथ प्रेमलाचा नवरा. ऐन दिवाळीत गेला, छातीत कळ येऊन. भारूड मंडळाचा संबळ तोच वाजवायचा. जोगव्याला खरं तर चौंडकं हवं, असं एका जाणकाराने एकदा सुनावलं होतं. पण दीनानाथला संबळ येत होता आणि मंडळाला दीनानाथ मिळाला होता, तेव्हा जाणकाराला चहा देऊन वाटेला लावलं होतं. आता संबळ सुनीतीकडे आला होता. तिला तो येत होता असं मात्र नाही.

मंदाकिनीताई नारायण पेठेतल्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. त्यांचं ठाम मत होतं, की व्याख्यान दिलं तर बाई जांभई देते, भारूड केलं तर रडते, आणि रडलेली बाई घरी जाऊन काहीतरी करते. म्हणून त्यांनी हे भारूड लिहिलं. जोगतीण परडी घेऊन देवीच्या नावाने दारोदार जोगवा मागते, पण हिला धान्य नको, पैसा नको. प्रत्येकीने परडीत चिमूटभर कुंकू टाकायचं, आणि ज्या बाईचं कुंकू पुसलं गेलं तिला शेवटी जोगतिणीने ते लावायचं. मग सगळ्यांनी मिळून तिळगूळ आणि हळदीकुंकू. विधवेला वगळायचं नाही, हे असं हसतखेळत सांगायचं.

जोगतीण प्रेमला व्हायची. बालवाडीच्या पोरांपुढे गाऊन गाऊन तिचा गळा खडा झालेला. विधवा व्हायची हेमा. हेमाचे यजमान श्रीनिवास रोज पहाटे पर्वती चढून येणारे. त्यांनी पहिल्या प्रयोगानंतर एकच विचारलं होतं, "मी गेलो, हे मला कुणी कळवणार होतं का?" मंडळ पोट धरून हसलं होतं. हेमा सोंग घेताना मंगळसूत्र काढायची नाही, ब्लाऊजच्या आत खोचायची आणि वरून पदर घट्ट ओढून घ्यायची. "काढलं की मनाला लागतं," म्हणायची. त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर प्रेमला दीड महिना घरातच होती. मग एक दिवस तालमीला येऊन उभी राहिली. "संक्रांतीचे कार्यक्रम मी करणार." सगळ्यांनी तिचं फार कौतुक केलं. हिरवी साडी, हातभर चुडा, कपाळभर मळवट. सोंगच ते, सोंगाला काय होतंय, असं म्हणत मंदाकिनीताईंनी स्वतः तिचा मळवट भरला होता.

पण सोंग उतरल्यावर हळदीकुंकू असायचं, आणि गेल्या संक्रांतीपर्यंत हळदीकुंकवाची कुयरी घेऊन ओळीने फिरायची ती प्रेमलाच.

यंदाच्या पहिल्याच कार्यक्रमाला मंदाकिनीताई हलकेच म्हणाल्या होत्या, "प्रेमला, तू जरा सामानापाशी बसतेस का? पोरं फार आहेत इथे." अगदी मायेने म्हणाल्या. ओळीत बसवलं आणि एखादीचा हात कपाळापाशी येता येता थांबला, तर पोरीला किती लागेल!

"बसते," प्रेमला म्हणाली होती.

पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच झालं आणि मग त्याचा रिवाजच पडला. सामान म्हणजे संबळ, झांजा, परडी आणि तिळगुळाचा रिकामा डबा. ते चोरून कुणी काय करणार होतं, हे ताईंनाही सांगता आलं नसतं. परतीच्या बसमध्ये प्रेमलाशेजारची जागा रिकामी असली तरी ताई उभ्या राहू लागल्या. म्हणायच्या, पाय मोकळे होतात.

कात्रजच्या पुढचं हे गाव नुकतंच महापालिकेत आलेलं. घरपट्टी पोचली होती, नळ यायचा होता. भैरवनाथाच्या देवळापुढच्या मंडपात बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. कार्यक्रम ठरवला होता तो सोजरबाईंच्या सुनेने. सोजरबाई स्वतः मात्र मागे, खांबाला टेकून. डोईवर पदर, कपाळ मोकळं. तशा आणखी तिघीचौघी तिथेच, जणू तेवढी जागा त्यांच्यासाठी आखून ठेवली होती.

प्रेमला परडी घेऊन शिरली आणि मंडप सावरून बसला.

*जोंधळा नको बाई, नको साडीचोळी,*
*पुसल्या कपाळाची भर माझी झोळी!*

"काय गं, कुंकू देताना हात आखडतो?" तिने एकीला गाठलं. "सासूला बोल लावताना नाही आखडत तो!" त्या बाईची सासू शेजारीच होती. दोघीही पदरात तोंड घालून हसल्या. परडी भरत गेली. मग प्रेमलाने आवाज खाली आणला. "हे कुंकू ज्या बाईचं आहे, ती कुठंय? बोलवा गं तिला."

इथे हेमाने उठायचं. हेमा पदर सावरेपर्यंत खांबापासून सोजरबाईच उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, बायांच्या मधून वाट काढत पुढे आल्या.

"मला लाव, बाय. लई वर्सं झाली."

सुनीतीच्या हातातली काठी थांबली. प्रेमलाने परडीत अंगठा बुडवला, दुसऱ्या हाताने म्हातारीची हनुवटी उचलली आणि कुंकू टेकवलं. घाई केली नाही. सून हुंदके देऊन रडायला लागली. सोजरबाईंनी बोटाने कपाळ चाचपलं आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या.

मंदाकिनीताईंचेही डोळे भरले. शाळेतल्या सगळ्या वर्षांत असं फळ त्यांच्या पदरात पडलं नव्हतं. आणि डोळे भरलेले असतानाच त्यांची नजर सामानाकडे गेली, कारण आता हळदीकुंकू होतं.

देवळामागच्या पिंपापाशी प्रेमला मळवट धूत होती. ती तोंड पुसत आली. आज हिला म्हणावं, चल आत. ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"प्रेमला, सामान..." ताई म्हणाल्या.

"हो. बसते."

मंडपात ओळ बसली. सोजरबाईंना सुनेने सगळ्यांत पुढे बसवलं. म्हातारी नव्या नवरीसारखी ताठ बसली होती. हेमा मंगळसूत्र बाहेर काढून, कुयरी घेऊन पुढे आली. सोजरबाईंनी कुयरीवर हात ठेवला.

"आदी त्या जोगतिनीला. तिच्या हातनं मला लागलं, आता तिला मी लावनार. कुठं हाय ती?"

"त्या सामानापाशी बसल्यात, आजी," हेमा म्हणाली.

"सामानाला काय पाय फुटत्यात? देवळात हाय ते."

"त्यांना जरा बरं नाहीये."

"आत्ता तर लई बरी हुती की!"

"आमची बस चुकेल, आजी," सुनीती मध्येच म्हणाली. बसला तासभर होता आणि ते त्या गावच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

सोजरबाईंनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. हेमा कुयरीत बघत होती. मंदाकिनीताई भैरवनाथाकडे.

"का?" म्हातारीचा आवाज उतरला. "तुमी पेठंतल्या, आमी वाडीतल्या, म्हनून आमच्यातलं चालत नाय तिला? का माज्या हातचंच नको? गान्यात म्हनायचं ते म्हनायचं, आन रांडमुंड बाईच्या हातनं लावून घ्यायची पाळी आली का सामान बघायचं?"

सून जमिनीकडे बघू लागली. सोजरबाईंचा हात सावकाश स्वतःच्या कपाळाकडे गेला.

ताई झटकन पुढे सरकल्या. गप्प राहावं तर म्हातारी आत्ता, सगळ्यांदेखत, लागलेलं पुसणार. आणि खरं सांगावं तर? ज्या तोंडाने हे भारूड लिहिलं त्याच तोंडाने सांगायचं, की आमच्यातल्या एकीला आम्हीच... आयुष्यभर पोरांना व्याख्या पाठ करायला लावल्या, पण या वाक्याचा पहिला शब्दच त्यांना सुचेना.

"तसं नाही हो, सोजरबाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "प्रेमलाचं यंदा... म्हणजे तिचं वर्ष आहे."

"कसलं वर्स?"

हेमाने कुयरी खाली ठेवली.

पायरीवर पावलं वाजली. प्रेमला मंडपाच्या तोंडाशी उभी होती. केसांच्या कडा अजून ओल्या, कपाळ धुतलेलं. तिने कुणाकडे रागाने पाहिलं नाही. ती सरळ सोजरबाईंपुढे येऊन बसली आणि कपाळाकडे निघालेला त्यांचा हात तिने धरला.

"ते पुसू नका, आजी. तुमच्या हातचं मला का नको असेल? मी विधवा आहे. दिवाळीत माझे यजमान गेले. मी गाते तेव्हा या सगळ्या रडतात, आणि गाणं संपलं की मला कुंकू लावायची वेळ येऊ नये म्हणून ताई मला सामानापाशी बसवतात. आणि मी बसते."