धोंड्यातलं केळं

मी केळ्याला भितो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

आवडत नाही, असं नव्हे. भितो. सोललेल्या केळ्याचा वास आला की हातपाय गार पडतात, श्वास कोंडतो. एकदा मंठ्याच्या एसटीत शेजारच्या बाईनं केळं सोललं, तर मी मधल्याच फाट्यावर उतरून उरलेला रस्ता पायी तुडवला. कारण मलाही ठाऊक नाही. मस्तगडला माझं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर रोजची टिंगल, म्हणून कुणाकडे कधी बोललो नव्हतो.

लग्नानंतर घरी सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्यात केळं असतंच. मी द्रोण पाटाखाली सरकवताना माझ्या नव्या नवरीनं, कौसल्यानं, पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. माझा प्रसाद तिनं स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "कुनालाच सांगनार न्हाई. बाहीर जेवाय बसलो की आधी मी पाहत जाईन. मी मान हलवली की तुमी बिनघोर खा."

तेव्हापासून लग्नाची पंगत असो की बारसं, मी घास हातात घेऊन तिच्याकडे बघायचो. ती मान हलवायची. त्या मानेवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

शहाण्णव साली धोंड्याचा महिना आला आणि सासुरवाडीहून, टेंभुर्णीहून, जेवणाचं बोलावणं आलं. या अधिक महिन्यात जावयाला धोंडे खाऊ घालतात, कणकेत पुरण भरून केलेले. पाट, रांगोळी, खांद्यावर नवा टॉवेल, असा माझा थाट. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास दरवळत होता. मेव्हणी बेबीनंदा पदराआड हसत होती. मेव्हण्या हसतातच, मी लक्ष दिलं नाही. धोंडा उचलला आणि कौसल्याकडे पाहिलं.

तिनं मान हलवली. मी घास घेतला आणि दातांखाली केळं आलं.

घास थुंकलो, ताट कलंडलं, नवा टॉवेल ओकारीनं भरला. घरभर हशा पिकला. मी भिंतीला धरून ओकतच राहिलो, तेव्हा हसणं थांबलं.

सासूबाई, गोजरबाई, रडकुंडीला आल्या. "जावाईबापू, एवढं व्हईल हे आमाला काय म्हाईत! कौसल्याच म्हनल्ती, केळं कालवून पुरनात घाला. नकळत एकदा पोटात गेलं की त्यांचं भेव जाईल."

"तुमच्या भल्यासाठीच केलं," कौसल्या रडत म्हणाली. "किती दिवस असं भिऊन राह्यचं?"

"भल्यासाठी केलं, बराबर," मी म्हणालो. "पन मान कामून हलवली?"

ती कलंडलेलं ताट गोळा करू लागली. धोंड्याच्या ताटावरून जावई उठला म्हणून सासरे मात्र माझ्यावरच चिडले. चिडोत. मला त्या मानेचं लागलं, तेवढं केळ्याचंसुद्धा लागलं नव्हतं.

संसार मोडला नाही. कौसल्या चांगली बाई आहे. तिनं पुन्हा कधी तसं केलं नाही, करणारही नाही. पण घरी जेवायला बसलो की मी आधी पोळी फाडून बघतो, भाजी बोटानं चाळतो. समोर बसून ती अजूनही मान हलवते. मी वर न बघता चाळत राहतो.