पाडलेल्याची बाही

बायको गेली त्या मंगळवारी दुपारी मी दुकानात ज्यूदोच्या कोटाची कॉलर शिवत होतो. धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, वहिनी पडली."

"अरे, ती दिवसाला पन्नास वेळा पडते," मी हसून म्हणालो.

"उठत नाहीये."

इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्यूदोचा वर्ग तिचा. पहिले तीन महिने ती मुलांना फक्त पडायला शिकवायची. पालक कुरकुरायचे. ती सांगायची, जुन्या जपानी युद्धविद्येतले जीवघेणे डाव सरावातून बाजूला काढले, तेव्हा ज्यूदो झाला. समोरचा उद्या धडधाकट परत आला नाही, तर तुम्ही शिकणार कोणाबरोबर? म्हणून ज्याला पाडलं त्याची बाही सोडायची नाही. बाही धरली की डोकं आपटत नाही. त्या बाह्यांना मी दुहेरी शिवण घालायचो.

त्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक होतं. भावानं तिला उचललं, टाळ्या पडल्या, आणि यानं दोन्ही हात वर केले. ती अजून हवेत होती. अर्ध्यात सुटल्यावर तिलाही सावरता आलं नाही. कोणीतरी काढलेला व्हिडिओ मी एकदाच पाहिला. पुरे झाला.

महिन्यानं तो दुकानात आला.

"दादा, हॉलची चावी दे. मुलं खोळंबलीत."

"शिकवणार कोण?"

"मीच. वहिनीनंच तयार केलंय मला."

"तयार केलं? सापाला दूध पाजलं."

"चूक झाली, दादा. किती वेळा सांगू?"

"चूक म्हणजे मापात अर्धा इंच. ती मी उसवून परत शिवतो. ही कुठून उसवू, सांग."

"वर्ग बंद पडला तर वहिनीला काय वाटेल?"

"तिचं नाव काढू नकोस!"

मी त्याला ढकललं. मनात आणलं असतं तर एका हातानं त्यानं मला आडवं केलं असतं. पण तो पडला. हनुवटी छातीला, तळवा फरशीवर सपकन. तिनं शिकवलं होतं, अगदी तसा. काहीसुद्धा लागलं नाही त्याला. त्याचाच मला जास्त संताप आला.

"चालता हो," मी म्हणालो.

तो गेला. हॉलला अजून कुलूप आहे. दुसरा शिक्षक मी शोधलेला नाही, आणि भावाला चावीही दिलेली नाही.