न मिटणारी झडप

जेवताना चेतनाच्या गळ्याजवळची शीर उडताना ललितला दिसली. नुसती उडत नव्हती, प्रत्येक ठोक्याला तिची मानही किंचित हलत होती. त्याने घास ताटात ठेवला आणि दम लागतो का म्हणून विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, शाळेचा जिना चढताना हल्ली मध्येच थांबावं लागतं.

चेतना नंदुरबारजवळच्या धानोऱ्यात शिक्षिका होती, तिचा नवरा ललित घरची शेती बघायचा. दोन वर्षांपूर्वी तिचे कान लालबुंद होऊन सुजले होते. खालची पाळी तेवढी बरी, वरचा भाग हात लावू देत नव्हता. अंगणात मिरची वाळत होती, म्हणून सासूबाईंनी, धनुबाईंनी, दोष मिरचीला दिला. पुढे आवाज बसला, नाक मधोमध खचलं, तेव्हा सुरतच्या डॉक्टरांनी आजार ओळखला. शरीर स्वतःच्याच कूर्चेवर, कानानाकातल्या त्या मऊ हाडावर, उलटतं. फार थोड्यांना होतो म्हणे. गोळ्यांनी कान बरे झाले आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो.

आता त्याच डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली. सूज महारोहिणीच्या, हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, तोंडापर्यंत पोहोचली होती. तिथली झडप नीट मिटत नव्हती. बाहेर गेलेलं रक्त उलटं हृदयात येत होतं. झडप बदलावी लागणार होती, पण लगेच नाही. सूज जिवंत असताना शिवलं तर टाके तिथल्या मांसातून सुटून येतात. आधी औषधांनी ती निववायची.

ललितला ते ऐकवेना. दुसऱ्या एका दवाखान्यात शस्त्रक्रियेची लगेच तारीख मिळत होती. परतीच्या गाडीत तो तेच तेच बोलत राहिला. नंदुरबार जवळ आलं तेव्हा चेतना म्हणाली, "टाका सुटनात ते परत कोन शिवी? मी थांबसू."

सूज उतरेपर्यंत थांबायचं ठरलं; ती दुसरी तारीख त्यांनी घेतली नाही.

ते थांबणं फार वाईट होतं. औषधांनी चेहरा सुजला, हात थरथरू लागले. ललित शेतातून सारखा घरी यायचा आणि दारातूनच तिच्या गळ्याकडे बघायचा. एकदा तिने त्याला समोर बसवलं. "तुम्ही मन्ही मानकडे देखू नका. मन्हा तोंडकडे देखा." त्याने बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आडवं झोपता येईना की लगेच निघा. एके दुपारी ती पलंगावर आडवी झाली आणि तशीच उठून बसली. छातीत पाणी खळखळतंय असं वाटत होतं. धनुबाईंनी तिच्या पाठीला हात लावला तर पाठ घामाने गार. ललितने गाडी काढली. वाटभर ती खिडकीची काच खाली करून हवा ओढत होती, आणि आपण चुकीचं ठरवलं का, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

सुरतला रक्ताच्या तपासणीत सूज बरीच उतरलेली निघाली, पूर्ण नव्हे. आता थांबणं शक्य नव्हतं. झडप बदलली, महारोहिणीचा सुजलेला तुकडाही बदलला. शुद्धीवर आल्यावर तिने आधी दीर्घ श्वास घेऊन पाहिला. तो आत गेला.

पहिल्या फेरतपासणीला डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. नव्या झडपेच्या कडेने, टाक्यांपाशी, बारीकशी गळती होती. आज काही करायचं नाही, गोळ्या मात्र एकदाही चुकवायच्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर धनुबाईंनी विचारलं, "बरं शे ना आते?"

"शे," चेतना म्हणाली. "भेव मात्र जात नही."

धनुबाईंनी तिच्याशेजारी पलंगावर बसून तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.