चिठ्ठीतली एक ओळ

कमलिनी सिस्टर पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरांतून, बाळंतिणी बघत फिरे. बाळाचं वजन आणि आईचे टाके, एवढंच तिचं काम. पण तिची थोरली बहीण बाळंतपणानंतर दीड महिन्यात विहिरीत गेली होती. म्हणून ती प्रत्येकीला आणखीही विचारी: झोप लागते का? जीव नकोसा होतो का?

१९८४ साली प्लांटमधला क्लार्क देवराव याच्या बायकोला, साधनाला, तिनं हेच विचारलं. मुलगी सव्वा महिन्याची होती. साधना भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सिस्टर, हे पोरगी रडते तं मले काहीच वाटत नाही. काल न्हाऊ घालता घालता वाटलं, द्यावं पाण्यात सोडून. मंग मीच भेली."

"कोनाले सांगितलं?"

"कोनाले सांगू?"

कमलिनीनं सासूला, राधाबाईंना, समजावलं, की हा आजार आहे, औषधानं जातो.

"आमी पाच बाळंतपणं काढली," राधाबाई फणकारल्या, "आमाले नाही झाला तो!"

शेवटी देवरावला गाठून कमलिनी दोघांना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "सगळं लिहा डॉक्टर, काही सुटू नये," असं तिनंच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. साधना माहेरी नागपूरला गेली, मुलगी आजीजवळ राहिली.

चार महिन्यांत साधना बरी झाली. जेवू लागली, लेकीसाठी झबली शिवू लागली. परत आली तेव्हा राधाबाईंनी दार उघडलं, पण वाट सोडली नाही. देवराव आतून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. 'बाळाला इजा करण्याचे विचार' या ओळीखाली त्यानं लाल रेघ ओढली होती.

"तुह्या हाती पोरगी कशी देऊ?" तो म्हणाला.

समाजाच्या बैठकीत तीच चिठ्ठी हातोहात फिरली. ती आता बरी आहे, असं कमलिनीनं उठून सांगितलं. एक म्हातारे म्हणाले, "येड गेलं म्हनता बाई, मंग होतं हे तं खरं ना?"

काडीमोड झाली. मुलगी आजीकडेच राहिली.

कमलिनी साधनाला पावर हाउस रेल्वे स्टेशनवर पोचवायला गेली.

"मी विचारलंच नसतं तं..."

"तं मी मेली असती. नाही तं पोरगी." गाडी दिसली तशी साधनानं पिशवी उचलली. "दुसरीले विचारा, सिस्टर. पन लिहू नका."

कमलिनी विचारत राहिली. एखादी हो म्हणाली, की तिच्या घरी सांगे, रक्त कमी आहे, मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्या लागतील. रक्त कमी म्हटल्यावर सासवा काही विचारत नसत. मुकाट्यानं गूळ-शेंगदाणे चारत.