बकरीनं सोडलेलं झाड

"टिकल्या कुठी राह्यला, दौलतभाऊ?" अंजनानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांच्या पायांमागं पाहिलं.

दौलतराव नर्सरीच्या फाटकात एकटेच उभे होते. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. बायको गेल्यापासून रोज दुपार कलली की टिकल्या कुत्र्याची साखळी धरून शिरपूरच्या रस्त्यानं निघायचे आणि अंजनाकडे चहाला थांबायचे. अर्धा कप स्वतः घ्यायचे, अर्धा बशीत ओतून टिकल्यापुढं ठेवायचे. गेले तीन आठवडे मात्र ते फिरकले नव्हते.

"गेला टिकल्या," ते म्हणाले. "मागं अंगणात पुरला. तिथं लावाले काही तरी द्या. सावलीत जगन असं."

अंजनाच्या हातातली झारी कलंडलेलीच राहिली. कुंडी भरली, काठ भरला, पाणी तिच्या पायांवर आलं.

"कशानं?"

"माह्याच हातानं, बाई. मटणाच्या पंगतीतलं हाडूक नेलं होतं त्याच्यासाठी. ओकून राह्यला, ओकून राह्यला. तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे झाले. डाक्टर म्हणे, काय खाल्लं यानं? मी सांगतलं, हाडूक. तवापासून मले घास जात नाही." जरा थांबून ते म्हणाले, "त्याच दिवशी तुमची सायकसची कुंडीबी पाडली होती त्यानं. बुडखा पार कुरतडला होता."

सायकस. दिवाळीत तिनंच निवडून दिलं होतं. या रस्त्याला बकऱ्या उघड्या अंगणात शिरतात, म्हणून झाड घेणारा प्रत्येक माणूस आधी तेच विचारतो, आणि अंजनाचं उत्तर ठरलेलं असतं. दौलतरावांनाही तेच दिलं होतं: "याले बकरीबी तोंड लावत नाही, भाऊ. टिकल्या काय करन याचं?"

संक्रांतीला वाशिमच्या एका मांजरीवाल्या मास्तरीणबाईंनी सून रूपाच्या फोनवर यादी पाठवली होती. कुत्र्या-मांजरांना बाधणारी झाडं. रूपानं मोठ्यानं वाचली. सायकस, लिली, डिफेनबेकिया, मनीप्लांट. अंजना हसली होती. "बकरी खात नाही, तं कुत्रं कायले खाईन?"

आता तिला लहानपणीचं ते बकरीचं पिल्लू आठवलं. त्याची माय विताना मेली होती. अंजनानं बाटलीनं दूध पाजलं, मांडीवर निजवलं, घरातच वाढवलं. एका सकाळी त्यानं दारची कण्हेर खाल्ली आणि दुपारपर्यंत ताठ झालं. सबंध कळपानं कधी कण्हेरीकडे मान वळवली नव्हती. बाप म्हणाला होता, "मायमागं चरलं नाही थे. त्याले पान कोन दाखवन?"

टिकल्याही डेपोत सापडलेला. धड डोळेही उघडले नव्हते.

रूपानं तिला हाताला धरून रोपांच्या आड नेलं. "आई, सांगू नका. हाडकाचंच समजून राह्यले ते. गावात बोभाटा झाला, तं कोन येईन इथं?"

"आन् भाऊले घास जाऊन नाही राह्यला, त्याचं काय?"

अंजना पदराला हात पुसत बाहेर आली.

"हाडकानं नाही गेला तो, भाऊ. झाडानं गेला. माह्या झाडानं. जहर असते त्याच्यात. फोनवर यादी आली होती. पयलं नाव त्याचंच होतं. मी हासली."

दौलतराव खताच्या पोत्यावर बसले.

"कधी आली यादी?"

"संक्रांतीले."

"गुढीपाडवा झाल्यावर गेला तो."

"हो."

रस्त्यानं एक बस गेली, धूळ उठली, धूळ बसली.

"म्हंजे हाडूक नव्हतं."

"नव्हतं, भाऊ."

ते उठले. "राहू द्या झाड. उद्या तुमचं ते सायकस तेवढं घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती गेली. कुंडी उचलताना बुडख्यावर दातांच्या खुणा दिसल्या, बारीक, ओळीनं. टिकल्याचं पाण्याचं भांडं भिंतीशी पालथं होतं. दौलतरावांनी दार उघडून दिलं आणि ते आत निघून गेले. बसा म्हणाले नाहीत. आतून ताट ओढल्याचा आवाज आला, मग भाकरी मोडल्याचा. अंजना कुंडी छातीशी धरून तेवढा आवाज ऐकत उभी राहिली. मग निघाली.

त्या दुपारी तिनं जुनं लाल लुगडं फाडलं आणि यादीतल्या एकेका कुंडीला चिंधी बांधली. रूपाही बांधू लागली. अर्ध्याहून जास्त नर्सरी लाल झाली.

"नवस बोलली का वं बाई?" गिऱ्हाइकं विचारत.

"कुत्रं-मांजर आहे का घरी? असंन तं चिंधीवालं नेऊ नका. फर्न न्या, अरेका न्या, हे लोंबतं स्पायडर न्या."

"तुयीच झाडं, आन् तूच नेऊ नका म्हंतं?" काही हसत, काही परत जात. काही पुढच्या नर्सरीत दिसत, हातात सायकस घेऊन.

आठवडाभरानं दुपार कलली तेव्हा रस्त्यावर दौलतराव दिसले. अंजनानं स्टोव्हवर आधण ठेवलं. ते चालत होते ते रस्त्याच्या कडेनं, नेहमीच्याच चालीनं. उजवा हात अंगापासून जरा दूर, मूठ मिटलेली, पुढून कुणी हलकेच ओढत असावं तशी. फाटकापाशी पायच आपोआप वळले. ते थांबले. त्यांनी लाल चिंध्यांकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अंजना कप घेऊन उभी होती.

त्यांनी मूठ उघडली, हात खाली सोडला आणि ते पुढं चालू लागले.