यादीकाकांची वीस पुस्तकं

“पिल्लू घरी पोचलंच नाही.” पाच वर्षांच्या मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ग्रंथपालांकडे असं पाहिलं, जणू पिल्लाला त्यांनीच अडवून ठेवलं असावं.

तिची आई ओशाळून हसली. “दोन रात्री रडतेय हो. बदकाचं पिल्लू धुक्यात हरवतं, ‘आई, आई’ म्हणून हाका मारतं आणि गोष्ट खलास! म्हटलं, यादीकाकांना विचारू. त्यांची सगळी पुस्तकं वाचून झालेली असतात.”

ग्रंथपालांना यादीकाका हे नाव मुलांनीच पाडलं होतं. दर उन्हाळ्यात लहान मुलांनी सुट्टीत वाचायच्या वीस पुस्तकांची यादी ते करत, प्रत्येक पुस्तकाखाली मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी लिहीत आणि वाचनालयाच्या दारावर लावत. आईवडील ती यादी वहीत उतरवून घेत. त्या दोन ओळी पुस्तकाच्या मागच्या कव्हरावरून उचललेल्या असत, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि निवड म्हणाल, तर कव्हर झकपक हवं, कोपरे धड हवेत आणि पुस्तक हाताला येईल अशा कप्प्यात हवं, कारण शिडीवर चढायचा काकांना भारी कंटाळा. चित्रांच्या पुस्तकात वाचण्यासारखं असतंच काय, असं ते मनाशी म्हणत. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

“अगं बाळा,” ते चष्मा सारखा करत म्हणाले, “काही गोष्टी मुद्दाम अर्ध्या सोडलेल्या असतात. पुढचं आपण मनाने रचायचं. तुझ्या मनातलं पिल्लू पोचलं ना घरी? मग पोचलं!”

मुलीचा चेहरा काही खुलला नाही. पण मागे उभ्या असलेल्या शाळेच्या बाई एकदम म्हणाल्या, “वा, काय सुंदर बोललात! हे मी पालकसभेत सांगणार बघा, तुमचं नाव घेऊन.”

“कसचं, कसचं,” म्हणत काका फुलून आले.

मायलेकी दुसरं पुस्तक शोधायला मुलांच्या कपाटापुढच्या चटईकडे गेल्या. परत आलेल्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर ‘पाने तपासली’ असा रकाना असे. काका त्यात न बघता सही करत. आज पालकसभेचा विषय निघाल्यामुळे म्हणा, त्यांनी शेवट काय आहे ते पाहायला पान उलटलं. धुक्याच्या चित्रापुढे पान नव्हतंच. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाची बोटभर पट्टी तेवढी उरली होती. तिच्यावर पिवळ्या पिसांचा ठिपका होता आणि त्याच्यावर पसरलेल्या मोठ्या पांढऱ्या पंखाची कड.

चिठ्ठीवर सव्वीस सह्या होत्या, सगळ्या त्यांच्याच. पान कितव्या मुलाच्या वेळी गेलं, कोण जाणे. त्यानंतरची सगळी मुलं पिल्लाला धुक्यात सोडून झोपायला गेली असणार. एकही विचारायला आलं नव्हतं. यादीकाकांनी निवडलंय, म्हणजे गोष्ट अशीच असणार! काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुस्तक गुपचूप कपाटात सारता आलं असतं. बाई अजून तिथेच होत्या, चांगलं नाव होत होतं. तेवढ्यात चटईवरून आवाज आला, “आई, मला मनातलं येतच नाही गं. मी मठ्ठ आहे का?”

काका उठले. गुडघे कुरकुरले तरी चटईवर तिच्यासमोर बसले.

“तू मठ्ठ नाहीस. मी खोटं बोललो. हे बघ, इथलं पान फाटलंय. मी कधी बघितलंच नाही. हे पुस्तक मी वाचलेलंसुद्धा नाही.”

आईने पर्समधली वही काढली. “मग ही यादी?”

“कव्हरं बघून केलीय.”

“आणि खालच्या ओळी?”

“त्या... कव्हराच्या मागे असतात.”

आईने वही मिटून पर्समध्ये टाकली. शाळेच्या बाई एकदम कपाटातली पुस्तकं निरखू लागल्या.

मुलीने त्या पट्टीवर बोट ठेवलं. “हा पंख कुणाचा?”

“त्याच्या आईचा असावा.”

“म्हणजे आई आली होती.” तिने मोठा श्वास सोडला. मग तिने काकांकडे पाहिलं. “मग तुम्ही आधी का नाही बघितलं?”

रागावून विचारलं असतं, तर काकांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. काका फाटकं पुस्तक उचलून टेबलामागे परत गेले.

थोड्या वेळाने मायलेकी तीन पुस्तकं घेऊन टेबलाशी आल्या. काकांनी शिक्का उचलला.

“थांबा,” मुलगी म्हणाली.

तिने पहिलं पुस्तक पुढ्यात ओढलं आणि एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेली. मग दुसरं घेतलं. आई तिला घाई कर म्हणाली नाही. मागे रांग वाढत होती. यादीकाका शिक्का हातात धरून, तिचं तिसरं पुस्तक तपासून व्हायची वाट पाहत उभे राहिले.